फेसाळ चहा आणि हाताची जात

‘चहाला जात नसते’ हे वाक्य आपल्याकडे फार आवडीने बोलले जाते. टपरीवर प्राध्यापक आणि हमाल शेजारी उभे राहून एकाच किटलीतला चहा पितात, मग जातीयता उरली कुठे, असा त्यामागचा सूर असतो. बोलणारा बहुधा सवर्ण असतो आणि हातात कप असतो.

या वाक्यात अर्धे सत्य आहे. वेदांत चहा नाही, स्मृतींत नाही, पुराणांत नाही. मनूला चहा ठाऊकच नव्हता. चहा कुणी प्यावा, कुणी करू नये, याबद्दल एकही श्लोक नव्हता. तरीसुद्धा हे पेय आपल्या घरादारात शिरले तेव्हा पाणी कुणी भरले, दूध कुणाच्या गोठ्यातले, कप कुणाचा आणि ओतणारा हात कोणत्या जातीचा, हे सगळे प्रश्न त्याच्या पाठोपाठ आत आले. शास्त्राधाराशिवाय जात कशी चालते हे बघायचे असेल तर चहाइतके चांगले उदाहरण नाही. ग्रंथ बाजूला ठेवा, इथे नुसती सवय आणि सोय दिसते.

आता ‘चहा’ म्हणजे नेमका कोणता, ते आधी सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा इतिहास त्या पातेल्यातच शिजलेला आहे. आपल्या घरी होतो तो गोड, दुधाचा, फेसाळ चहा. दोन माणसांसाठी एक कप पाणी, एक कप दूध. पाण्यात साखर आणि ठेचलेले आले घालून आधण ठेवायचे. खळखळ उकळी आली की दोन चमचे चहापूड. दोन मिनिटांत रंग उतरतो, मग तापवलेले दूध. चहा वर आला की आच कमी करायची, बसला की वाढवायची, असे दोनतीनदा. शेवटी डाव पातेल्यात बुडवून चहा वर उचलायचा आणि हातभर उंचीवरून धार परत पातेल्यात सोडायची, पंधरा-वीस वेळा, धार न तोडता. दुधातली प्रथिने हवेचे बुडबुडे धरून ठेवतात, त्यामुळे वर तांबूस फेस जमतो. साय काढलेल्या दुधाला फेस जास्त येतो, सायीच्या दुधाला चव जास्त. ज्याला जे हवे त्याने ते घ्यावे. वेलची कुटून अगदी शेवटी, आणि गाळणी उंच धरून कपात. माझ्या आईचा हात या कामात इतका बसलेला होता की स्टोच्या आवाजापेक्षा धारेचा आवाज जास्त यायचा.

कृती एवढीच. यात सोवळे-ओवळे कुठे आहे? पाण्यात आहे, दुधात आहे, डाव धरणाऱ्या हातात आहे आणि कपात आहे. चहापुडीत मात्र वेगळीच गोष्ट आहे, तिच्यापासून सुरुवात करू.

शाळेत आपल्याला शिकवतात की १८२३ साली रॉबर्ट ब्रूस नावाच्या स्कॉटिश माणसाने आसामात चहाचा ‘शोध’ लावला. ब्रूसला ते झाड दाखवले तेच मुळी तिथल्या लोकांनी. सिंगफो आदिवासी त्या झाडाचे पान कितीतरी आधीपासून उकळून पीत होते. शोध लावणारा गोरा आणि दाखवणारा आदिवासी असेल तर पुस्तकात नाव कुणाचे येते, हे आपल्याला नवीन नाही. १८३९ साली आसाम कंपनी निघाली, जंगल तोडून मळे उभे राहिले. मजूर लागले तेव्हा छोटा नागपूरच्या पठारावरचे मुंडा, उराव, संथाळ आणि मध्य प्रांत, ओडिशा, आंध्रातल्या दलित-आदिवासी जाती गिरमिटावर तिकडे नेल्या गेल्या. १८५९ च्या कायद्याने करार मोडणे हा फौजदारी गुन्हा ठरला. १८८२ च्या कायद्याने तर पळून गेलेल्या मजुराला वॉरंटशिवाय पकडण्याचा अधिकार थेट मळेवाल्याला दिला. ज्या देशात महाराला गावकीची कामे सोडून जाता येत नव्हते, त्या देशात ही व्यवस्था फारशी कुणाला खटकली नाही यात नवल नाही. १९२१ साली चारगोला खोऱ्यातले हजारो मजूर ‘मुलुक चलो’ म्हणत मळे सोडून चालत निघाले. चांदपूरला स्टेशनात अडकून पडलेल्या या लोकांवर गुरखा शिपाई सोडण्यात आले. आपल्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात याला एखादी ओळ मिळाली तर मिळते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९४४ साली, रेगे समिती नेमली गेली आणि देशातल्या कामगारांबरोबर मळ्यांतल्या मजुरांच्या स्थितीचीही चौकशी झाली. पुढे १९५१ साली मळा कामगारांचा कायदा आला. बाबासाहेबांना फक्त एका जातीचे नेते म्हणणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे. आणि एक गोष्ट आजची. ज्या मुंडा, उराव, संथाळांना झारखंडमध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, त्यांच्याच भाऊबंदांना आसामात, जिथे त्यांना चहासाठी नेले, तो दर्जा नाही. पिढ्यान्‌पिढ्या पान खुडून झाले, नावापुढे ‘टी ट्राइब’ लागले, हक्क तेवढा मागे राहिला.

या मळ्यांतला चहा सुरुवातीला सगळा विलायतेला जाई. इथल्या माणसाने तो प्यावा असे मळेवाल्यांना नंतर वाटू लागले. १९०३ साली चहावर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. १९३० नंतरच्या मंदीत बाहेरचा बाजार पडला, तेव्हा हा प्रचार जोरात आला. स्टेशनांवर फलक, जत्रांमध्ये फुकट कप, गिरण्यांमध्ये चहाची सुटी. चहा ‘योग्य’ कसा करावा याचेही धडे दिले जात : पाणी उकळावे, पत्ती मोजून घालावी, मुरू द्यावी, दूध थोडेसे. आपल्या लोकांनी ते ऐकले नाही. त्यांनी पत्ती कमी आणि दूध-साखर जास्त घातली, वर आले-वेलची घातली, आणि सगळे एकत्र उकळले. प्रचारकांना ते आवडत नसे, कारण त्यात पत्ती कमी खपत होती. पण उपाशी पोटाचे गणित वेगळे असते. गिरणीत पाळी करून आलेल्या कामगाराला चहा म्हणजे नुसती तरतरी नव्हती. गोड, दुधाळ, गरम चहा आणि पाव हे त्याचे जेवणाच्या बदल्यातले खाणे होते. १९३० च्या सुमारास आसामातल्या अमगुरी मळ्यात पाने चिरडून, फाडून, गोळी करणारे सीटीसी यंत्र आले. स्वातंत्र्यानंतर ती दाणेदार, स्वस्त, कडक पूड देशभर पसरली आणि फेसाळ चहा घरोघर गेला. म्हणजे आज जो ‘आपला पारंपरिक चहा’ म्हणून मिरवला जातो तो कष्टकऱ्यांच्या सोयीने घडलेला, जेमतेम शंभर वर्षांचा आहे. जातीचे नियम मात्र त्याला हजारो वर्षांचे लागले.

ते कसे लागले याचे सर्वांत गाजलेले उदाहरण पुण्याचे आहे. ऑक्टोबर १८९०. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये प्रतिष्ठितांना बोलावले. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे आली. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता ओठाला लावला, कुणी शिवला नाही. गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्राला दिली आणि शहरात एकच गदारोळ उठला. मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेणारे ब्राह्मण धर्मभ्रष्ट झाले की नाही? प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, ग्रामण्य झाले. या यादीत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतले. हायकोर्टाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोहोचणारा, सामाजिक परिषद चालवणारा माणूस एका कप चहासाठी प्रायश्चित्त घेतो, याचे त्यांच्या मित्रांनाही वाईट वाटले.

हा प्रसंग आपल्याकडे गमतीदार किस्सा म्हणून सांगितला जातो. मी त्याच्याकडे वेगळ्या अंगाने बघतो. पंचहौद मिशन गुरुवार पेठेत. शेजारच्या गंज पेठेत, त्याच महिन्यात, महात्मा फुले पक्षाघाताने खंगलेले अंथरुणावर होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. याच फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. पाणी, आणि तेही घरच्या आवारातले, मिशनचे किंवा सरकारचे नव्हे. त्यानंतर बावीस वर्षांनी त्याच शहरातली सुधारक मंडळी आपण चहा गिळला की नुसता ओठाला लावला याचे खुलासे करत होती. फुल्यांनी कधी प्रायश्चित्त घेतले नाही. पुण्याच्या इतिहासात ‘चहा-ग्रामण्य’ हे प्रकरण ठळक अक्षरात आहे, हौदाची गोष्ट तळटिपेत.

पुढे पुण्यात चहाची दुकाने निघाली आणि लोक बाहेर चहा पिऊ लागले. १९२० च्या दशकापासून ‘अमृततुल्य’ नावाची दुकाने उभी राहिली. पितळेचे चकचकीत पातेले, कुटलेली वेलची-सुंठ, डावाने वर उचलून घुसळलेला गोड चहा. चहा उत्तम, त्यात वाद नाही, मीही पितो. ही दुकाने बहुतांशी राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी चालवली. त्यांनी कष्ट केले, पहाटे चारला शेगड्या पेटवल्या, हे मान्य. पण एक गोष्ट त्यांना कष्टाशिवाय मिळाली होती. ब्राह्मणाच्या हातचे सगळ्यांना चालते. जो नियम शूद्र-अतिशूद्रांना स्वयंपाकघराबाहेर ठेवण्यासाठी होता, त्याच नियमाने ब्राह्मणाच्या हाताला बाजारात भाव दिला. खाणावळी, उपाहारगृहे, उडुपी हॉटेले यांच्या पाट्यांवर ‘ब्राह्मणांचे’ असे अभिमानाने लिहिलेले असे, ते उगाच नव्हे. ती जाहिरात होती. मद्रासमध्ये अशाच एका उपाहारगृहाच्या नावातला ‘ब्राह्मण’ शब्द काढायला लावण्यासाठी पेरियार रामसामींना १९५७ साली आंदोलन करावे लागले. संविधान येऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. भांडवल म्हणजे फक्त पैसा नसतो. हाताची जात हेही भांडवल असते, आणि ते कुठल्याच बँकेच्या ताळेबंदात दिसत नाही.

ज्याच्या हाताला असा भाव नव्हता, उलट ज्याचा हात लागला की माल फुकट जायचा, अशा माणसाने चहाचे दुकान काढले तर काय होते? त्याचे उत्तर कोल्हापूरने दिले आहे.

गंगाराम कांबळे छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. तिथल्या मराठा नोकरांसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदाला ते शिवले, म्हणून त्यांना गुरासारखे मारण्यात आले. महाराज तेव्हा दिल्लीला गेलेले होते. परत आल्यावर गंगारामांनी पाठीवरचे वळ दाखवले. महाराज संतापले, मारणाऱ्यांना त्यांनी स्वतः फोडून काढले, असे सांगतात. पण त्यापुढचे जास्त महत्त्वाचे. त्यांनी गंगारामांना पुन्हा पागेत ढकलले नाही. नोकरीच्या जागी त्याच लोकांच्या मेहेरबानीवर राहण्यापेक्षा स्वतःचा धंदा काढ म्हणाले आणि त्यासाठी पैसे दिले. गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले ‘सत्यसुधारक’.

या नावावरून कळते की हे नुसते पोटापाण्याचे दुकान नव्हते. ‘सत्य’ सत्यशोधक चळवळीतून आलेला, ‘सुधारक’ त्या काळाचा शब्द. एका अस्पृश्य माणसाने भर रस्त्यावर दुकानाला हे नाव द्यायचे म्हणजे गिऱ्हाइकाला आत येण्याआधीच सांगायचे की इथे चहाबरोबर आणखी काहीतरी घ्यावे लागेल.

हॉटेल टापटीप होते, चहा चांगला होता, आणि गिऱ्हाईक फिरकत नव्हते. महाराचा चहा कोण पिणार? महाराजांच्या कानावर हे गेले. मग फेरफटक्याहून परतताना ते आपली गाडी गंगारामांच्या दारात थांबवू लागले आणि चहा मागवू लागले. गाडीत बरोबर असलेले ब्राह्मण, मराठे, सरदार, अधिकारी यांनाही तोच चहा, त्याच कपातून. राजा पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? कामासाठी, शिफारशीसाठी, सहीसाठी कुणी आले की महाराज त्याला आधी गंगारामकडे चहा घेऊन ये म्हणत, अशाही आठवणी आहेत. पुढे सोडा तयार करायचे यंत्रही त्यांनी गंगारामांना घेऊन दिले.

ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात वर्षानुवर्षे ऐकतो आणि ती नेहमी राजाच्या मोठेपणावर येऊन थांबते. राजर्षींचे मोठेपण आहेच. १९०२ साली पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा, १९१९ साली पाणवठे, दवाखाने, शाळा यांतली शिवाशिव हुकमाने बंद करणारा दुसरा राजा या देशाने पाहिला नाही. पण मला गंगारामांकडे अधिक बघावेसे वाटते. महाराजांची गाडी दिवसातून एकदा थांबणार, उरलेला दिवस शेगडीपाशी कोण बसले होते? दूध नासले, पत्ती विटली, तर नुकसान कुणाचे? पाठीवरचे वळ अजून ओले असताना, ज्या लोकांनी हौदाला हात लावला म्हणून मारले त्याच लोकांसाठी आधण ठेवून, दार उघडे टाकून रोज वाट बघायची, याला काय लागत असेल ते ज्याने रिकाम्या दुकानात बसून पाहिले आहे त्यालाच कळेल. महाराजांनी गिऱ्हाईक आणले. चहा गंगारामांनी केला. महाराज ६ मे १९२२ ला गेले. त्यांचे पहिले स्मारक कोल्हापुरात कुण्या सरदाराने उभारले नाही, ते गंगाराम कांबळ्यांनी उभारले.

महाराज असेपर्यंतच मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. त्यानंतर सात वर्षांनी महाड. चहाच्या इतिहासात महाड कशाला, असे कुणाला वाटेल. चहात निम्मे पाणी असते, म्हणून. मार्च १९२७ च्या परिषदेला जमलेल्या हजारो माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले होते, आणि शेजारी ठरावाने खुले असलेले चवदार तळे भरलेले होते. ते पाणी बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी प्यायल्यावर सनातन्यांनी तळे शुद्ध केले. कशाने? शेण, गोमूत्र, दही आणि दूध यांच्या एकशे आठ घागरी ओतून.

त्या दुधाकडे जरा लक्ष द्या. तळे शुद्ध करणारे दूध आणि बाटणारे दूध एकाच जनावराचे असू शकते, फरक धार काढणाऱ्याचा. खेड्यात दलिताच्या घरी म्हैस असली तरी तिचे दूध गावात विकले जात नसे. हे जुने झाले म्हणाल, तर २००६ साली प्रसिद्ध झालेली ग्रामीण अस्पृश्यतेची पाहणी वाचा. अकरा राज्यांतल्या ५६५ गावांत ती झाली. चहाच्या दुकानात वेगळे बसवणे, वेगळी भांडी, आणि सहकारी दूध संस्थेत दलितांचे दूध न घेणे, हे सगळे प्रकार त्यात नोंदले आहेत. सहकार म्हणायचे आणि कॅनपाशी जात विचारायची. अशा परिस्थितीत दलित वस्तीत वर्षानुवर्षे गुळाचा कोरा चहा होत राहिला, तर त्याला ‘गावरान चव’ म्हणून गोंजारू नये. फेस यायला दूध लागते, आणि दूध घ्यायला पैसे.

कायद्याने काय केले ते थोडक्यात. संविधानाच्या १५ व्या कलमाचा दुसरा भाग दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत कुणालाही जातीवरून मज्जाव करता येणार नाही असे सांगतो. संविधान सभेत यावर चर्चा झाली तेव्हा ‘दुकान’ हा शब्द बाबासाहेबांनी मुद्दाम व्यापक अर्थाने घ्यायला लावला, सेवा देणारा धोबी-न्हावीही त्यात यावा म्हणून. सतरावे कलम अस्पृश्यता नष्ट करते. १९५५ च्या कायद्याचे, जो पुढे नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला, चौथे कलम तर थेट भांड्यांवर बोट ठेवते : हॉटेलात, धर्मशाळेत लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हा गुन्हा आहे. कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होते की जात पेल्यात असते. टपरीच्या बाहेर खिळ्याला टांगलेला कान तुटलेला कप, नारळाची करवंटी, दलिताने स्वतः विसळून परत टांगायची, ही व्यवस्था मोडायला हे कलम कामी आले. कागदी आणि प्लास्टिकचे कप आले तेव्हाही ती काही ठिकाणी मोडली, आणि काही ठिकाणी नुसती झाकली गेली. वापरून फेकायचा कप दिला की वेगळा कप दिल्याचा पुरावा राहत नाही.

पण कायद्याची हद्द हॉटेलच्या उंबऱ्यापर्यंत. माझा मुद्दा घराचा आहे.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहत होतो. घरमालकीणबाई प्रेमळ होत्या, संध्याकाळी चहा आठवणीने द्यायच्या, आले घालून, फेस आणून. घरातल्यांना कपबशी, मला स्टीलचा पेला. पेला खिडकीत ठेवलेला असे आणि तो मीच विसळून परत तिथे ठेवावा अशी न बोललेली अपेक्षा असे. चहात काही कमी नव्हते. साखर जास्तच असायची.

हा एका घराचा अनुभव नाही. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाने २०११-१२ मध्ये देशातल्या बेचाळीस हजारांहून अधिक कुटुंबांना एक प्रश्न विचारला : तुमच्या घरात कुणी अस्पृश्यता पाळते का? नाही म्हटले, तर पुढचा प्रश्न : अनुसूचित जातीचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला किंवा त्याने तुमची भांडी वापरली तर अडचण होईल का? सुमारे २७ टक्के कुटुंबांनी कोणत्या ना कोणत्या रूपात होकार दिला. ब्राह्मण कुटुंबांत हे प्रमाण ५२ टक्के होते. हे स्वतःच्या तोंडाने, अनोळखी माणसासमोर दिलेले होकार आहेत. खोटे बोलण्याची पूर्ण मुभा असताना.

यावर काही मित्र म्हणतात की एकत्र चहा पिऊन कुठे जात जाते. बरोबर आहे. ‘जातीचा उच्छेद’ या १९३६ सालच्या भाषणात बाबासाहेबांनी सहभोजनाने जात मोडत नाही हे स्वच्छ मांडले होते, आणि लाहोरच्या मंडळाला ते भाषण झेपले नाही म्हणून परिषदच रद्द झाली. त्यांनी खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला आणि त्याहून मूळचा घाव धर्मशास्त्रांच्या प्रामाण्यावर घातला. पण ‘पुरेसे नाही’ आणि ‘गरज नाही’ यांत फरक आहे. ज्या घरात चहाचा कप एक होत नाही त्या घरात सोयरीक होईल, असे समजायला मी तयार नाही. शिवाय चहाच्या बाबतीत तर शास्त्राचीही सबब नाही. मनूने न लिहिलेला नियम आपण आपल्या ओट्यावर लिहिला आहे.

आणि हा ओटा आता खेड्यात नाही, शहरात आहे. पुण्या-मुंबईच्या, नागपूर-औरंगाबादच्या इमारतींत धुण्याभांड्याला येणाऱ्या बायांत आपल्या वस्त्यांतल्या बाया मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या हातून घरातला प्रत्येक कप रोज धुतला जातो. त्याच कपांतून घरातली माणसे, पाहुणे, साहेब चहा पितात. सकाळी अकराच्या सुमारास बाईंनाही चहा मिळतो. तेव्हा ओट्याच्या कोपऱ्यातून किंवा सिंकखालच्या कप्प्यातून वेगळा कप निघतो, बहुधा कानाला टवका उडालेला. विचारले तर ‘त्यांनाच तसे बरे वाटते’ असे उत्तर मिळते. ज्या हाताने घासलेल्या कपातून सगळे घर पिते, त्या हाताला त्यातला कप चालत नाही, म्हणजे इथे स्वच्छतेचा प्रश्न नाही हे उघड आहे.

हा कप कोणत्याही कलमात बसत नाही. तेव्हा चहाला जात नसते असे पुढच्या वेळी कुणी सांगितले, की वाद घालत बसू नका. त्यांच्या घरी कामाला येणाऱ्या बाई कोणत्या कपातून चहा पितात आणि तो कप कुठे ठेवलेला असतो, एवढेच विचारा.